मेटलचं सोवळं कसं पाळावं

हेवी मेटल ऐकायला दोन कान पुरतात. सोवळ्यातलं मेटल ऐकायचं तर दुसऱ्यांच्या कानांवरही पाळत ठेवावी लागते, आणि ते पूर्णवेळ काम आहे. तुमच्या आजोबांनी सवाई गंधर्वच्या मंडपात भारतीय बैठकीवर बसून ‘आता काय राहिलंय किराण्यात’ म्हणत जन्म काढला असेल, तर अर्धी तयारी घरूनच झालेली आहे. उरलेली इथे करून घ्या.

सुरुवात सालांपासून. कुणीतरी खुशीत येऊन म्हणतं, ‘मला मेटॅलिका आवडते.’ (अमेरिकेचा तो जगप्रसिद्ध मेटल बँड.) लगेच विचारायचं, ‘कुठपर्यंतची?’ हा लिलाव आहे, फक्त इथे बोली खाली खाली जाते. नवशिका म्हणतो १९९१, म्हणजे काळ्या कव्हरचा अल्बम आला आणि बिघडले. ही बोली बाळबोध. पुढे १९९६ मध्ये त्यांनी केस कापले तेव्हा एवढं न्हाव्यालाही कळलं होतं. तुम्ही १९८८ म्हणा, कारण त्या अल्बममध्ये बास गिटार ऐकूच येत नाही (हे खरंच आहे, कान देऊन बघा). समोरचा १९८६ वर येईल: बास वाजवणारा क्लिफ बर्टन स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला आणि बँड तिथेच संपला. तुम्ही १९८४. कारण हाताशी ठेवा: ‘फेड टू ब्लॅक’मध्ये अकूस्टिक गिटार आहे, आणि ‘विकले गेले’ ही ओरड तेव्हाही झाली होती. मग १९८३ चा पहिला अल्बम. त्याखाली १९८२ ची डेमो कॅसेट, डेव्ह मस्टेन बँडमध्ये होता तेव्हाची. इथे बहुतेकांचा दम संपतो. तुम्ही चहाचा घोट घेऊन सावकाश म्हणा, ‘तेव्हा ते डायमंड हेड या दुसऱ्याच बँडची गाणी वाजवायचे.’ मेटॅलिका खऱ्या अर्थाने कळायची तर मेटॅलिका जन्मायच्या आधी थांबावं लागतं. लिलाव तुमचा.

फक्त बोली १९७० च्या आसपास नेऊ नका, तिथे ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवाला टोनी आयोमी बसलाय. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. गडी डावखुरा, म्हणजे गेली ती नेमकी तारा दाबणारी बोटं. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, तारा पातळ लावल्या, आणि १९७१ च्या अल्बमपर्यंत गिटार तीन पट्ट्या खाली उतरवली. तारा सैल पडल्या, दाबायला सोप्या झाल्या आणि आवाज जड झाला. ज्या जड आवाजासाठी आपण एवढी शिवाशिव पाळतो, ती एका कामगाराने दुखऱ्या बोटांसाठी केलेली सोय होती. ही माहिती असू द्या, पण बाहेर बोलू नका. ऐकणाऱ्याला मेटल आपलंसं वाटायला लागतं.

स्टॉकहोमच्या डेथ मेटलची, म्हणजे गुरगुरत्या गळ्याच्या मेटलची, गत तीच. बॉस कंपनीचा एचएम-२ नावाचा पेडल, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी पायाखालची डबी, १९८३ मध्ये आला, १९९१ मध्ये बंद झाला. मोठ्या अँपचा भारदस्त आवाज छोट्या डबीत मिळावा हा हेतू, पण तो काही कुणाला पटला नाही. पेडल स्वस्तात मिळू लागला आणि स्वीडनच्या पोरांनी तो घेतला. त्याला चार खुंट्या: आवाज, खर्ज, तार, आणि डिस्टॉर्शन. पोरांनी चारही शेवटापर्यंत पिळल्या. लाकूड कापायच्या करवतीसारखा घरघराट निघाला आणि १९९० मध्ये एन्टूम्ड बँडच्या पहिल्या अल्बमने त्याचं घराणं केलं. तुम्हाला पेडल घ्यायचा तर जुना, जपानी बनावटीचाच घ्या. तैवानचा विटाळ, आणि कंपनीने २०२१ मध्ये पुन्हा काढला तो तर उष्टा. चारही खुंट्या पूर्ण ठेवल्यावर गिटार न वाजवताही पेडल शिट्ट्या मारतो. त्यावर नॉइज गेट, म्हणजे नको तो आवाज अडवणारी डबी, लावायला सांगणारा भेटेलच. त्याला ‘पोजर’, म्हणजे नुसता आव आणणारा, म्हणून मोकळं व्हा, आणि घरी गेल्यावर गुपचूप लावा.

आता पोशाख. डेनिमचं जुनं जाकीट घ्यायचं आणि बाह्या उडवायच्या. कात्री शिवणीवर चालवू नका, बाहीच्या बाजूने बोटभर कापड सोडा. नाहीतर पहिल्याच मॉशपिटच्या धक्काबुक्कीत खांदा उसवतो आणि तुमचं सोवळं बनियनसकट दिसतं. पाठीवर एकच मोठा पॅच, बाकीचे छोटे पुढे. इस्त्रीने चिकटणारे पॅच घेऊ नका, घामाने गोंद सुटतो आणि कडा पापडासारख्या वळतात. शिवायला जाड सुई आणि डेंटल फ्लॉस. ही थट्टा समजू नका, जगभरचे बरेच मेटलवाले फ्लॉसने शिवतात, कारण तो घामाने कुजत नाही आणि ओढून तुटत नाही. पुदिन्याच्या वासाचा मात्र टाळा, नॉर्वेच्या काळोख्या ब्लॅक मेटलच्या पॅचला टूथपेस्टचा दरवळ शोभत नाही. टाके वाकडे हवेत. सरळ टाका म्हणजे आईने शिवून दिलं. जाकीट धुवायचं नसतं. मुंबईच्या जुलैत त्यावर बुरशी येईल, तो फुकटचा पॅच समजा. जर्मन लोक या जाकिटाला ‘कुट्टं’च्या जवळपास जाणारा शब्द वापरतात. तोही चारचौघांत उच्चारू नका, आपल्याकडे वेगळंच काही ऐकू येतं.

पॅचवरचं बँडचं नाव वाचता येत असेल तर बँड संशयास्पद आहे. खरं नाव वाळलेल्या बाभळीच्या फांदीसारखं दिसतं. लिहिताना इंग्रजी ‘ट्रू’ आणि ‘कल्ट’ या शब्दांतला ‘यू’ काढून ‘व्ही’ टाकायचा. तेवढ्याने माणूस नॉर्वेच्या जंगलात पोचतो, तिकीट लागत नाही.

दुसऱ्याच्या टी-शर्टवर बँड दिसला की परीक्षा घेणं आलंच. ‘तीन गाणी सांग’ हा प्रश्न जुना झाला, त्याची उत्तरं पाठ असतात. गायकावर जा. आयर्न मेडनचा टी-शर्ट असेल तर म्हणा, ‘पॉल डियानो बँड सोडून गेला तिथेच संपलं सगळं.’ म्हणजे १९८२ पासून ब्रूस डिकिन्सनने गायलेलं निम्म्या जगाला पाठ असलेलं सगळं एका वाक्यात बाद. मुलगी असेल तर प्रश्न दुप्पट, आणि शेवटी ‘भावाचा आहे का टी-शर्ट?’ हे हसून. एकच खबरदारी: तिच्या अंगावर बोल्ट थ्रोअर असेल तर आधी गृहपाठ करून जा. कॉव्हेंट्रीच्या त्या बँडमध्ये १९८७ पासून २०१६ मध्ये बँड थांबेपर्यंत बास वाजवणारी जो बेंच ही बाई आहे, आणि तो प्रश्न टी-शर्टवालीच तुम्हाला घालेल.

लोकसंगीत मिसळलेल्या मेटलबाबत नियम सोपा. फिनलंडच्या कोर्पिक्लानीने अकॉर्डियन आणि व्हायोलिन आणलं की ती मातीची हाक. दिल्लीच्या ब्लडीवूडने ढोल आणला की ती वरात. ‘वाकेनला, जर्मनीतल्या मेटल महोत्सवात, वाजवून आलेत ते’ असं कुणी म्हणालं, तर वाकेनच आता व्यापारी झालंय म्हणा. आपल्या गावातले बँड पहिल्या डेमोपर्यंत उत्तम असतात. त्यांचं नाव तुमच्याशिवाय आणखी कुणी घेतलं, की उतरती कळा लागली समजा.

कार्यक्रमाला गेलात तर साऊंडच्या टेबलापाशी उभे राहा, हात छातीशी बांधून. मिक्सिंग करणारा तिथल्याच कानाने आवाज लावतो, म्हणून सगळ्यात चांगलं तिथेच ऐकू येतं. तिथूनच ‘किक ड्रमचा चिखल झालाय’ असं म्हणायचं. मान हलवायची नाही. कुणी २००८ चं मुंबईतलं आयर्न मेडन काढलं तर तुम्ही २००७ चं बंगळूर काढा. कुणी बंगळूर काढलं तर धोबी तलावचं रंगभवन. तिथे इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव गाजायचा, पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांनी रंगभवन बंद पडलं. तुमचा जन्म त्यानंतरचा असला तरी ‘रंगभवनची मजा नाही’ म्हणायला हरकत नाही. आवाज जरा कापरा ठेवा.

राहता राहिलं ब्लॅक मेटल, सोवळ्यातलं सोवळं. इथे ध्वनिमुद्रण वाईट असणं ही पात्रता आहे. नॉर्वेच्या डार्कथ्रोन बँडचा १९९४ चा ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ चार ट्रॅकच्या घरगुती रेकॉर्डरवर झाला. तो ऐकायला तुम्ही महिन्याच्या पगाराचा हेडफोन घ्या, म्हणजे टेपची खरखर तुपासारखी स्वच्छ येते आणि गिटार होती तिथेच राहते. १९९२ मध्ये बर्गनजवळचं फांटोफ्टचं लाकडी चर्च जळून राख झालं आणि संशय ब्लॅक मेटलवाल्यांवर गेला, त्याविषयी बोलताना ‘वातावरण’ हा शब्द वापरा. जाळपोळीला जाळपोळ म्हणणारा रसिक नव्हे.

डार्कथ्रोनच्या फेनरीझच्या मुलाखती मात्र वाचू नका. देव्हाऱ्यातला देव बोलायला लागला की पुजाऱ्याची पंचाईत होते. हा माणूस वर्षानुवर्षं टपाल खात्यात नोकरी करत आला. कोल्बॉटन या त्याच्या गावात त्याला नगर परिषदेच्या यादीत बदली सदस्य म्हणून घेतलं, तर प्रचारासाठी त्याने मांजर कडेवर घेऊन फोटो काढला आणि खाली लिहिलं, ‘कृपा करून मला मत देऊ नका.’ लोकांनी मतं दिली, गडी निवडून आला. असल्या माणसाचं काय करायचं? तो फोटो टी-शर्टवर छापायचा मोह झालाच तर ६६ नग काढा, एकही जास्त नको. आणि तो घातलेला कुणी रस्त्यात भेटला तर अडवून पहिला प्रश्न: मांजराचं नाव काय?