गच्चीवर काहीतरी जळतंय

कोळशावरचा कोरा स्मोकर, म्हणजे मटण-मासे धुरावर शिजवायचं पत्र्याचं झाकणबंद भांडं, गच्चीवर पेटवला की पंधरा मिनिटांत आमच्या इमारतीचे तीन मजले तीन निदानं करतात. दुसरा मजला म्हणतो, वायर जळतेय. चौथा म्हणतो, रबर. आणि पाचव्या मजल्यावरच्या काकू जिन्यातूनच ओरडतात, "अहो, प्लास्टिक आहे ते, प्लास्टिक!" याच गच्चीवर बोंबील वाळतात तेव्हा मात्र कुणी ब्र काढत नाही.

वास येणारच. पत्र्याला गंज लागू नये म्हणून कारखान्यात त्याला तेल चोपडलेलं असतं. बाहेरचा काळा रंग पहिल्या तापाला पक्का होतो आणि होताना वास सोडतो. झाकणाच्या कडेला फेल्टची पट्टी असेल तर तिचा गोंदही हजेरी लावतो. हे सगळं एकदा जळून जायला हवं, आणि तेही मटणाच्या संगतीनं नव्हे. बिडाचा तवा आणला त्याच दिवशी त्यावर घावन कोण घालतं?

तर आधी जाळ्या आणि पाण्याचं भांडं गरम पाण्यानं, भांड्याच्या साबणानं घासून कोरडं पुसावं. मग जाळ्यांना आणि आतल्या उघड्या लोखंडाला शेंगदाण्याच्या तेलाचं बोट फिरवावं. बोट म्हणजे बोटच. तेल लावून पुन्हा फडक्यानं असं पुसायचं की लावलं होतं की नाही याची शंका यावी. पातळ तेल तापून कडक, काळा थर धरतं. जाड तेलाचा होतो चिकट गोंद, आणि तो पुढचे दोन महिने खवट वास देत राहतो. आतून इनॅमल असेल तर स्मोकरला तेलाची गरजच नाही, नुसतं तापवलं की पुरे.

झाकणावरच्या थर्मामीटरवर माझा विश्वास नाही. तो काढून त्याची दांडी उकळत्या पाण्यात धरावी. मुंबई समुद्रसपाटीला असल्याचा एवढा एक फायदा: काटा १०० वर यायलाच हवा. ९० दाखवत असेल तर तो फरक लक्षात ठेवून पुढे चालावं.

कोळसा वखारीतून अडीच किलो, लाकडी. दगडी कोळसा नको, आणि रॉकेल तर नकोच, कारण त्याचा वास नव्या पत्र्यात पाहुण्यासारखा मुक्काम ठोकतो. तळाला भोकं पाडलेला पत्र्याचा उंच डबा कोळशानं भरावा, खाली तेलाचे चार थेंब टाकलेला वर्तमानपत्राचा बोळा पेटवावा. वरचे कोळसे राखाडी दिसू लागले की आत ओतावे. दोन तास १२० ते १३० अंशांवर, शेवटचा अर्धा तास १८० ते २०० वर. या शेवटच्या अर्ध्या तासात पेरूच्या किंवा चिंचेच्या वाळल्या लाकडाचा मुठीएवढा तुकडा टाकायला हरकत नाही. हापूसची रिकामी पेटी फोडून टाकू नये. आंब्याची पेटी म्हणजे आंब्याचं लाकूड नव्हे, आणि खिळे तर नक्कीच आंब्याचे नसतात.

आता खरा घोळ. सेक्रेटरी वर येतात, कमरेवर हात ठेवून उभे राहतात, आणि आपण शरमेनं वरची झडप बंद करतो. धूर दिसायचा थांबतो, सेक्रेटरी जिना उतरतात. आत मात्र कोळशाचा श्वास कोंडतो. हवा कमी पडली की लाकूड नि तेल धड जळत नाहीत, अर्धवट जळून पांढरा, दाट, डोळे चुरचुरवणारा धूर करतात. तो बाहेर पडला नाही तर झाकणाच्या आत डांबरासारखा चिकट थर होऊन बसतो आणि पुढचा प्रत्येक बांगडा कडू करतो. लपवलेला धूर दहा मिनिटांनी फटीफटींतून दुप्पट घाण होऊन निघतो, आणि सेक्रेटरी परत वर येतात. म्हणून वरची झडप कायम सताड उघडी. आगीचा लगाम खालच्या झडपेत असतो, कमीजास्त करायची ती तीच. धूर विरळ, निळसर, असून नसल्यासारखा झाला की समजायचं, बरोबर चाललंय.

दुपारी वारा बहुधा समुद्राकडून येतो आणि धूर पूर्वेला नेतो. त्या अंगाच्या इमारतीत दोरीवर कुणाच्या पांढऱ्या चादरी वाळताहेत का, ते पेटवण्याआधी बघावं.

डांबराचा वास मात्र स्मोकरच्या माथी मारण्याआधी खाली वाकावं. गच्चीवर गळतीसाठी काळी डांबरी शीट अंथरलेली असेल तर तापतेय ती शीट. स्मोकरच्या पायांखाली विटा, विटांवर लादी, हे सोसायटीच्या नोटिशीपेक्षा स्वस्त पडतं.

पाऊस आला म्हणून स्मोकर गॅलरीत किंवा जिन्यात ओढून न्यायचा नाही, हे मी इथे विनोद न करता सांगतो. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. काकूंनाही येत नाही.

आणि एवढं सगळं करूनही एखादा वास उरतो. तेल उडालं, रंग बसला, धूर निळा झाला, तरी काहीतरी बोचरं, गोडसर नाकात शिल्लक. तेव्हा सगळं गार होऊ द्यावं आणि स्मोकर सुटा करून शोधावं. पाण्याच्या भांड्याच्या बुडाला किमतीचा स्टिकर असतो. थर्मामीटरच्या काचेवर पातळ पापुद्रा असतो. राखेच्या तबकाखाली ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची पुडी, अर्धी वितळलेली. सापडलं ते खिशात घालावं आणि जिन्यात काकू भेटल्या तर हवापाण्याबद्दल बोलावं.