‘सगळे कॉलम नॉट नल करा’ म्हणे! का करायचे?

एक सल्ला सध्या जिकडेतिकडे फॉरवर्ड होतोय: डॉटनेटच्या टाइप्ड डेटासेटला (टेबलांवरून आपोआप बनवलेले क्लास) नल, म्हणजे रिकामी व्हॅल्यू, झेपत नाही, त्यामुळे डेटाबेसमधले कॉलमच नॉट नल (रिकामे ठेवता न येणारे) करून टाका, आकड्याला ० आणि तारखेला १९०० डिफॉल्ट द्या, कटकट संपली. नवीन मुलं हे वाचून चालू सिस्टिममधली टेबलं बदलतायत, म्हणून लिहितोय.

मुळात झेपत नाही हेच खोटं. समजा एंडडेट या कॉलममध्ये नोकरी सोडल्याची तारीख आहे, तिथे डीबीनल (डेटाबेसमधलं नल) असताना ती प्रॉपर्टी वाचली की स्ट्राँगटायपिंगएक्सेप्शन ही एरर येते हे खरं, पण कॉलमला नल अलाऊड असेल तर त्याच जनरेटेड क्लासमध्ये इजएंडडेटनल आणि सेटएंडडेटनल या मेथड आयत्या मिळतात ना! आधी विचारायचं, मग वाचायचं. एंडडेट नलशी कंपेअर करून उपयोग नाही, कारण कंपेअर व्हायच्या आधी गेटरच, म्हणजे प्रॉपर्टी वाचणारा कोडच, एक्सेप्शन फेकतो.

डेटासेटच्या डिझायनरमध्ये कॉलमची नलव्हॅल्यू (नल आलं तर काय करायचं ती सेटिंग) बदला असंही सांगतात. ते स्ट्रिंगपुरतं ठीक, इंट किंवा डेटटाइमला तिथे ‘थ्रो एक्सेप्शन’ सोडून काही घेतच नाही.

आणि ते डिफॉल्ट, खरं नुकसान तिथेच आहे. एंडडेट रिकामी म्हणजे माणूस अजून नोकरीत आहे, तिथे १९०० घातलं की ‘आजपर्यंत कोण कोण सोडून गेलं’ या क्वेरीत कामावर असलेले सगळे येणार. ४०, ६० आणि एक नल, सरासरी ५० येते कारण एव्हीजी हे एसक्यूएलचं सरासरीचं फंक्शन नल मोजतच नाही, नलच्या जागी ० ठेवा, ३३ येईल, आणि एररसुद्धा येणार नाही, चुकीचा रिपोर्ट गुपचूप साहेबांच्या टेबलावर जाईल. डीफॉल्ट म्हणून डेटटाइमची मिनव्हॅल्यू घालणाऱ्यांचं तर सेव्हच होत नाही, ते वर्ष १ आणि एसक्यूएल सर्व्हरचा डेटटाइम १७५३ पासून सुरू, ओव्हरफ्लो ठरलेला.

रोज इजनल लिहायचा कंटाळा येतो, मान्य. मग पार्शल क्लासमध्ये (त्याच जनरेटेड क्लासचा आपण लिहिलेला भाग) नलेबल, म्हणजे नल चालणाऱ्या, डेटटाइमची एक प्रॉपर्टी लिहा, आत इजनल तपासा, बाकी कोडने तीच वापरायची. डॉटनेट ३.५ पासून फील्ड ही जेनेरिक मेथडही आहे, नलेबल टाइप दिला तर डीबीनलचं नल तीच करून देते. फक्त तो पार्शल क्लास वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, डिझायनरच्या फाइलमध्ये लिहाल तर पुढच्या वेळी एक्सएसडी, म्हणजे डेटासेटची मूळ फाइल, सेव्ह केली की सगळं पुसलं जाईल.