बीएस्सीच्या पोरीनं कलेचा इतिहास शिकला तर बिघडलं कुठं?

आज घरच्या कार्यक्रमात माझ्या भाचीला मोठ्या माणसांनी घेरलं. गुन्हा काय, तर लातूरला बीएस्सी केमिस्ट्री करताना तिला जोडीनं कलेच्या इतिहासाचीही पदवी घ्यायची आहे. "त्यानं पोट भरतं का?" म्हणे. लेकराचं तोंड एवढंसं झालं. पाहुण्यांत वाद नको म्हणून गप्प बसले, पण राग अजून उतरला नाही.

मी एमएस्सी होऊन शिकवायला लागले तेव्हा विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला गेले होते. एका लेण्यात तिथला म्हातारा गाईड म्हणाला, "मॅडम, बाकी रंग इथल्याच माती-दगडाचे. हा निळा मात्र अफगाणिस्तानचा." लाजवर्द, म्हणजे निळा दगड कुटून केलेला रंग! त्याच्या निळेपणामागचं गंधक मी फळ्यावर समजावलं असतं. पण दीड हजार वर्षांपूर्वी तो दगड अजिंठ्याच्या वाघूर नदीकाठी पोचला कसा, पैसा कुणी मोजला, तो नेमका कुठं वापरायचा हे कुणी ठरवलं? माझ्या कुठल्याच पेपरात हे नव्हतं. त्या माणसाला ठाऊक होतं.

निजामाच्या काळात, १९२० च्या सुमारास, अजिंठ्याच्या चित्रांसाठी इटलीहून तज्ज्ञ बोलावले होते. चित्रं टिकावीत म्हणून त्यांनी लाखेचं वॉर्निश दिलं. पुढं तेच पिवळं पडून चित्रं झाकोळली. असं वॉर्निश उतरवायला केमिस्टच लागतो, पण खालची मूळ रेघ कोणती आणि मागाहून चढलेलं काय, हे ओळखणारा. पुरातत्त्व खात्याची स्वतंत्र विज्ञान शाखा आहे, हे त्या पाहुण्यांपैकी एकाला तरी माहीत होतं का?

आणि आपल्या गावांत काय चाललंय? हेमाडपंती देवळं, चुन्याशिवाय सांधलेले दगड, त्यावर खुशाल ऑइलपेंट! भेगा पडल्या की सिमेंट थापायचं. ठरवणारे सगळे शिकलेले, काही तर इंजिनिअर. एकानं जरी पदवीसोबत हे दगड वाचायला शिकलं असतं ना!

नोकरी पटकन लागत नाही, हे खरं. मान्य. म्हणून तर ती केमिस्ट्री सोडत नाहीये! २०२२ पासून यूजीसीनं एकाच वेळी दोन पदव्यांची मुभा दिली आहे. मग अडवताय कशाला?

तो निळा रंग बघितल्यापासून मी लाजवर्दाशिवाय गंधक शिकवलं नाही. शेवटच्या बाकावरची पोरंही मान वर करून ऐकतात.

भाचीला मघाशी फोन केला, फॉर्म भर म्हटलं. फी मावशीकडून. अजिंठा-वेरूळवरची जुनी मराठी पुस्तकं कुणाकडे असतील तर सांगा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.