पेवात आधी दिवा सोडतात

नव्या घराचा नकाशा दादाला व्हॉट्सॅपवर पाठवला तेव्हा सांगलीत सकाळचे सात वाजले होते. वरचे दोन मजले त्यानं भराभर सरकवले असणार, कारण पाच मिनिटांत फोन आला. "खाली भाडेकरू ठेवणार? तळघरात? दिल्लीतली पोरं विसरलीस काय गं?"

ती मी विसरलेली नाही. २७ जुलै २०२४ला दिल्लीच्या ओल्ड राजिंदर नगरमध्ये एका कोचिंग क्लासच्या तळघरात पावसाचं पाणी शिरलं आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे तीन विद्यार्थी बुडून मेले. परवानगी पार्किंगची आणि सामान ठेवायची होती, चालत होतं वाचनालय. नंतर महापालिकेनं बरीच तळघरं सील केली. दादाचं म्हणणं, तेच बरोबर होतं. जमिनीखाली माणूस ठेवूच नये. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही बहुतेकांचं हेच मत पडलं.

मी कॅनडात मिसिसागात राहते, टोरांटोच्या शेजारी. जुना बैठा बंगला घेतला, तो पाडून त्याच जागी घर बांधतोय. इथं बेसमेंट ही चैन नाही. हिवाळ्यात जमीन वरून गोठत जाते आणि गोठलेली माती फुगून पाया उचलते, म्हणून पाया साधारण चार फुटांच्या खाली न्यावाच लागतो. तेवढं खणलंच आहे तर आणखी तीन-चार फूट खणून पूर्ण मजला मिळवायचा, असा इथला जुना हिशोब. तिथंच दोन खोल्यांचं वेगळं घर काढायचं आणि त्याच्या भाड्यातून कर्जाच्या हप्त्याला हात लावायचा, हा आजच्या आमच्यासारख्यांचा हिशोब. तो केल्याशिवाय आम्हाला हे घर झेपणार नाही, हे सरळच सांगते.

आणि मी स्वतः तळघरात राहिले आहे. २०१२ साली नवीन आले तेव्हा एका मराठी माणसाच्याच घरात खाली खोली घेतली होती. छताला हात लागायचा. खिडकी होती, पण छातीच्या वर, वीतभर उंचीची, आणि चोरीच्या भीतीनं बाहेरून गज ठोकलेली. आम्ही तिघी होतो. बाहेर पडायला एकच जिना, तो मालकांच्या स्वयंपाकघरात निघायचा आणि रात्री वरून दाराला कडी लागायची. मालक वाईट नव्हते, सणाला वर जेवायला बोलवायचे. पण खालच्या बायका रात्री दोन वाजता धूर झाला तर कुठून निघतील, हा प्रश्न त्यांच्या मनात कधी आला नसावा. आमच्याही आला नाही. स्वस्त खोली मिळाली याचाच आनंद होता.

म्हणूनच दादाचं "ठेवूच नये" मला पटत नाही. दिल्लीत नियम होताच. कागदावर त्या तळघरात माणूसच नव्हता, म्हणून तो बाहेर कसा पडेल हे विचारायचं कुणाचंच काम नव्हतं. मी राहिले त्या खोलीचंही तसंच. मालकांनी परवानगी मागितलेली नव्हती, त्यामुळे तपासायला कुणी आलं नाही. ऑन्टारिओ या आमच्या प्रांतातही अनेक उपनगरांत घरात दुसरं घर काढायला मनाई असायची. तरी तळघरं भरलेली होतीच, कारण राहायला परवडणारी जागा दुसरी नव्हती. २०११ साली प्रांताच्या कायद्यानं शहरांना सांगितलं, की अशा दुसऱ्या घरांना जागा द्या. २०२२च्या कायद्यानंतर तर शहराचं पाणी आणि ड्रेनेज असलेल्या राहत्या प्लॉटवर साधारणपणे तीन घरांपर्यंत काढता येतात. मनाई उठली, त्याबरोबर अटी आल्या. जमिनीखाली झोपायची खोली असेल आणि थेट बाहेर जायचं दार नसेल, तर त्या मजल्यावर माणूस निघेल अशी खिडकी लागते. तिचं उघडं तोंड किमान ०.३५ चौरस मीटर, कुठल्याही बाजूनं ३८० मिलिमीटरहून कमी नाही, आणि ती आतून किल्लीशिवाय, हत्याराशिवाय उघडली पाहिजे. ती बाहेर भिंतीलगत तिच्यासाठी खणलेल्या खड्ड्यात उघडत असेल तर समोर ५५० मिलिमीटर मोकळी जागा हवी. दोन घरांमध्ये आग अडवणारी भिंत आणि छत. धुराचे अलार्म एकमेकांना जोडलेले, म्हणजे खाली वाजला की वरही वाजतो.

हे लिहिताना मला अटींचं कौतुक आहे, आणि ते मी लपवत नाही. पण इथलं सगळं नीट आहे असं मात्र मी दादाला सांगू शकत नाही. बिनपरवाना बेसमेंट आजही भरपूर आहेत. शेजारच्या ब्रॅम्प्टन शहरात आपल्याकडून शिकायला आलेली पोरं एका खोलीत चार-चार गाद्या टाकून राहिली आहेत, आणि भाडं घेणारे पुष्कळदा आपलेच देशी लोक. ओळखीच्यांच्या जेवणावळीत अजूनही "परमिटशिवाय करून देणारा कुणी माहीत आहे का?" असं सहज विचारलं जातं. मला त्याचा राग येतो. परमिटला वेळ जातो, खिडकी मोठी करायला पायाची भिंत कापावी लागते, खर्च हजारो डॉलरचा आहे, हे मला माहीत आहे. पण आपणही असंच कुणाच्या तरी तळघरात राहून इथं उभे राहिलो ना?

पाण्याचं मात्र दादा बरोबर बोलला. आम्ही सांगलीचे. २००५चा पूर पाहिला, आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा आई-बाबा आठ दिवस मावशीकडे होते. जमिनीखाली पाणी काय करतं ते आम्हाला कुणी शिकवायला नको. दिल्लीच्या त्या घटनेच्या अकराच दिवस आधी, १६ जुलैला, इथं काही तासांत शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला आणि मिसिसागात किती तरी बेसमेंट भरली. इथं पाणी रस्त्यावरून कमी, खालच्या ड्रेनमधून उलटं जास्त येतं. मैलापाणी. म्हणून मुख्य ड्रेनवर बॅकवॉटर व्हॉल्व्ह, म्हणजे उलटं येणारं पाणी अडवणारी झडप, आणि तळाशी साचलेलं पाणी बाहेर टाकणाऱ्या सम्प पंपाला बॅटरी, कारण असल्या पावसात वीजही जाते. या दोन वस्तू मी नकाशावर टाइल्सच्या आधी लिहून घेतल्या.

दादानं आणखी एक गोष्ट पकडली. आजोबा हळदीच्या व्यापारात होते. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीत खणलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड न लागता. तीच बंद हवा माणसाच्या जिवावर उठायची. तोंड उघडल्यावर पेव वारा घेत ठेवायचं, मग दोरीला बांधून जळता दिवा खाली सोडायचा. दिवा विझला तर कुणी उतरायचं नाही. २००५च्या पुरात पाणी शिरून त्यातली पुष्कळ पेवं गेली. दादा ते सगळं लहानपणापासून बघत आलेला. तो नकाशावर बोट ठेवून म्हणाला, "ही खालची झोपायची खोली. दारातून निघालं की स्वयंपाकघर, मग ही घर गरम ठेवणाऱ्या भट्टीची खोली, मग जिना. आग लागली तर लागणार कुठं? स्वयंपाकघरात नाहीतर भट्टीत. म्हणजे तुझा भाडेकरू आगीतूनच बाहेर येणार."

मी आणि आमचा नकाशे काढणारा माणूस, दोघांनी तो कागद महिनाभर बघितला होता. आम्हाला दिसलं नव्हतं. खिडकी नियमात बसत होती, म्हणून आम्ही पुढे गेलो होतो. आता झोपायची खोली बाजूच्या दाराशी आली, स्वयंपाकघर मागच्या टोकाला गेलं. भट्टी आणि गरम पाण्याची टाकी जिन्याखाली वेगळ्या बंद खोलीत, तिथं जायची वाट आमच्या बाजूनं. भाडेकरूच्या बैठकीतले सहा फूट गेले.

यापेक्षा अवघड वाद आईशी झाला. "आम्ही आलो की आम्हाला खाली ठेवणार काय?" असं तिनं विचारलं, आणि त्याला कारण आहे. मुलगा-सून वर आणि आईबाप बेसमेंटमध्ये, अशी घरं तिच्या मैत्रिणींनी इथं येऊन पाहिलेली आहेत. गावाकडे याची चर्चा होते, आणि ती कडवटपणे होते. इथं राहणाऱ्यांच्या आईवडिलांना मिळणाऱ्या सुपर व्हिसावर आता एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, म्हणजे हा पाहुण्यांच्या सोयीचा प्रश्न उरलेला नाही, त्यांच्या घराचा आहे. बाबांचे गुडघे बघता चौदा पायऱ्या वर काय आणि खाली काय, दोन्ही सारख्याच. म्हणून इथल्या नकाशांत दर्शनी भागात जी जेवणाची औपचारिक खोली असते, ती आम्ही काढून टाकली. तिथं आई-बाबांची खोली, लागून उंबरठा नसलेलं न्हाणीघर, खिडकी रस्त्याकडे. जेवणाचं टेबल स्वयंपाकघरात बसेल. नवऱ्याला थोडं जड गेलं, पण त्यानं मान्य केलं.

भाडेकरू घर बळकावेल, ही नातेवाइकांची दुसरी भीती. अकरा महिन्यांचा करार संपला की माणूस गेला, असं इथं नाही. वर्षाचा करार संपला तरी तो महिन्या-महिन्यानं पुढे चालू राहतो आणि काढायला कायद्यातलं कारण लागतं. ते ठाऊक धरूनच आम्ही उतरतोय.

गेल्या रविवारी खिडकीचं शेवटचं माप ठरवायचं होतं. ३८० मिलिमीटर म्हणजे पंधरा इंच. गॅरेजमधल्या पुठ्ठ्याच्या खोक्याला नियमाएवढंच भोक पाडलं, पंधरा इंच उंच आणि छत्तीस-सदतीस इंच रुंद, आणि ते स्टुलावर उभं केलं. माझी बारा वर्षांची मुलगी त्यातून सरळ निघाली. मी खांद्याशी अडकले, वाकडी होऊन कशीबशी बाहेर आले. व्हिडिओवर आई बघत होती. ती म्हणाली, "मी नाही निघायची यातून." नकाशात आता तीन फूट रुंद आणि चार फूट उंच खिडकी आहे, दारासारखी बाजूला उघडणारी. बाहेरचा खड्डा तीन फूट मोकळा आणि त्यात दोन दगडी पायऱ्या. कागद गुरुवारी परमिटसाठी सिटीच्या ऑफिसात जाईल.