रविवारी मुक्ती, बुधवारी घरवापसी

सगळ्यात आधी जाहीर करा. गुपचूप सोडलेल्या गुगलला काय किंमत? घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच टाका, "आजपासून बड्या टेक कंपन्यांना रामराम, यापुढे सिग्नल ॲपवर भेटा." अकरा अंगठे येतील, मावशी केकचं चित्र टाकेल आणि सिग्नलवर फक्त तुमचा मेहुणा उगवेल. तोही "चालू झालं का?" एवढं विचारून परत व्हॉट्सॲपवर जाईल.

मुहूर्त रविवारचा धरा, मिसळ उरकून. आणि सगळं एका दिवसात उरका: ईमेल, फोटो, नकाशे, लॅपटॉप, फोन. दर महिन्याला एक गोष्ट बदलणारी माणसं असतात. त्यांचं काम होतं, पण चारचौघांत सांगायला त्यांच्याकडे काही नसतं.

सुरुवात लॅपटॉपपासून. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे अपडेट थांबले आणि चांगली चालणारी कित्येक यंत्रं विंडोज ११च्या अटींत बसेनात, म्हणून भंगारात निघाली. त्यांच्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची प्रणाली छान चालते. पेनड्राइव्हवरून आधी नुसतं चालवून बघता येतं, आतलं काही पुसलं जात नाही. तुम्ही मात्र तसं बघत बसू नका. थेट 'संपूर्ण डिस्क पुसा'वर टिचकी मारा. बॅकअप काय, भित्रे घेतात.

आता फोटो. गुगल फोटोजमधली अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ला बंद झाली. तेव्हापासून मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबीत दाटीवाटीने राहतात. आपला माल परत मागायची सोय आहे, टेकआउट म्हणतात तिला. मी मागितला. झिप फायलींची रास आली. फोटो एकीकडे, त्यांच्या तारखा वेगळ्या फायलींत. मी उत्साहाने त्या तारखांच्या फायली कचरा समजून उडवल्या. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंना स्वतःची तारीख नव्हतीच. त्यामुळे माझ्या लॅपटॉपनुसार पुतणीचं बारसं, तिचीच दहावी आणि आजोबांची पंच्याहत्तरी एकाच रविवारी दुपारी पार पडली. तुम्हीही उडवा, म्हणजे मला सोबत होईल.

नकाशासाठी ऑर्गॅनिक मॅप्स घ्या. तो ओपनस्ट्रीटमॅपवर चालतो. २००४पासून लोक हा नकाशा स्वतः भरताहेत. आपल्या गल्लीतली पिठाची गिरणी त्यात नसेल, तर पाच मिनिटांत टाकता येते. टाकू नका. "यात काहीच नाही" म्हणा आणि ॲप उडवा. (पूर मोजायला नाशिककराला कधी कंपनी लागली? पाणी गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला, एवढं विचारलं की झालं. मारुतीला पासवर्ड नाही.)

माघारीचं कारण आधीच तयार ठेवा. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं बहुतेक उत्पन्न गुगलकडूनच येतं. सिग्नलचा कारभार ॲमेझॉनच्या क्लाउडवरही चालतो. "मग काय उपयोग?" म्हणून क्रोमवर परतायला एवढं पुरे. गिरणीवाल्याची वीज दुसऱ्याची, म्हणून आपण दळण थांबवतो का, असं कोणी विचारलंच तर त्याला ग्रुपमधून काढा.

शेवटी फोन. अँड्रॉइडचंच गुगलविना चालणारं रूप, लिनिएज ओएस, टाका आणि बुधवारी गंगेवरच्या (म्हणजे गोदाकाठच्या) बाजारात जा. मेथीची जुडी हातात, मागे रांग, आणि बँकेचं ॲप म्हणतंय की हा फोन सुरक्षित नाही. त्याच्या मते पाळत ठेवणारा आधीचा फोन सुरक्षित होता. भाजीवाली मावशी म्हणेल, "दादा, सुट्टे द्या ना." सुट्टे नसतात. त्या संध्याकाळी सन्मानाने परत या, ग्रुपवर न सांगता.

आमच्या इंदिरानगरच्या काकूंसारखं मात्र अजिबात करू नका. भिशीचा हिशेब उघडेना, म्हणून दीड वर्षापूर्वी पुतण्याने त्यांच्या लॅपटॉपवर एक्सेलचं काम करणारं फुकटचं लिब्रे ऑफिस टाकलं. जुन्या फायली तपासून घेतल्या, एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवली आणि चहा पिऊन गेला. काकूंनी ना काही जाहीर केलं, ना कुणाला रामराम ठोकला. त्या रोज हिशेब लिहितात आणि त्याला अजून एक्सेलच म्हणतात.