गाईड घ्या आणि त्याच्या पावलाने चाला

नाशिकजवळच्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात मी पहिल्यांदा गेले त्याला आता सात वर्षं झाली. सकाळी अकराला पोहोचलो. गाईड कशाला, पाणी तर समोरच दिसतंय, म्हणून तसेच आत शिरलो. मनोऱ्यावर चढलो, लांब पाण्यात काळे ठिपके दिसले, 'बदकं' म्हणून त्यांचे फोटो काढले आणि अर्ध्या तासात परतीला लागलो. घरी आल्यावर विचारेल त्याला सांगत होते, तिथे काही विशेष नाही. माझ्या सांगण्यावरून ओळखीतली दोन कुटुंबं गेली नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

या जानेवारीत परत गेले. सोबत सातवीतली लेक आणि माझे वडील. अण्णांचं वय चौऱ्याहत्तर. सगळी हयात निफाड तालुक्यात शेती केली, आता आमच्याकडे नाशिकला असतात. त्यांना 'अभयारण्य बघायला जाऊ' म्हटलं तर म्हणाले, "बंधारा काय बघायचा, लहानपणापासून बघतोय." पण गाडीत बसले.

पहाटे साडेपाचला निघालो. सायखेड्याच्या पुढे एका द्राक्षबागेच्या बांधावर शेकोट्या पेटलेल्या दिसल्या. निफाडची थंडी ज्यांनी सोसली आहे त्यांना हे माहीत असतं, पारा उतरला की मणी तडकू नयेत म्हणून माणसं रात्रभर बागेत जागतात. अण्णांनी काच खाली केली आणि धुराचा वास घेतला. तिथूनच त्यांचा चेहरा बदलला.

चापडगावच्या गेटवर गाईड घेतला. तिशीतला मुलगा, जवळच्याच गावचा, गळ्यात दुर्बीण आणि खांद्यावर स्टँडसकट मोठा स्कोप. त्याने आधी दोनच गोष्टी सांगितल्या. फोन सायलेंट करा आणि माझ्या मागे चाला, माझ्या पुढे नको. लेकीने लगेच विचारलं, "फ्लेमिंगो आलेत का?" तो म्हणाला, "ताई, हा प्रश्न सगळेच विचारतात. आले असले तर दिसतीलच. आधी जे आहेत ते बघू."

पुढची वीस मिनिटं आम्ही एकाच जागी उभे होतो. पाणकणसाच्या बेटात एक जांभळी पाणकोंबडी होती, लाल चोच, लाल कपाळ, अंगावर जांभळा-निळा रंग. अशी पाणकोंबडी मी पूर्वीही पाहिली असेल, पण ती जेवते कशी हे कधी बघितलं नव्हतं. गाईडने स्कोप लावून लेकीला पुढे घेतलं. पाणकोंबडीने चोचीने एक कोंब उपटला, मग तो एका पायाच्या बोटांत पकडला, पाय वर उचलला आणि आपण उसाचं कांडं सोलतो तसं वरचं साल काढून आतला पांढरा गाभा खाल्ला. "आई, ती हातात धरून खाते!" लेक दबक्या आवाजात म्हणाली. अण्णांनीही डोळा लावला. बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. स्कोपवरून बाजूला झाले तेव्हा डोळ्यांतून पाणी येत होतं. थंडीने असेल.

थोडं पुढे पाण्यात काळ्या पक्ष्यांचा मोठा थवा पसरला होता. काळं अंग, पांढरी चोच आणि चोचीच्या वर कपाळावर पांढरा टिळा. गाईड म्हणाला, "बाबा, याला आपल्याकडे वारकरी म्हणतात." अण्णांनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. निवृत्तीनाथांच्या पौषवारीला ते पंचवीस वर्षं त्र्यंबकला चालत गेलेत, गुडघे गेल्यापासून वारी सुटली. त्या पक्ष्याचं नाव कळल्यावर ते अर्धा तास त्या थव्याला सोडून पुढे यायला तयार नव्हते.

म्हणूनच पुढचा प्रसंग आम्हाला बघायला मिळाला. वारकरी पाण्यावर मोकळे पसरलेले होते, आणि एकाएकी सगळे आत सरकायला लागले. कडेचे मधे आले, मधले आणखी दाटले. बघता बघता पाण्यावर एक काळी गोधडी तयार झाली. आम्हाला काहीच कळेना. गाईडने आकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही. थव्यावरची नजर न हलवता म्हणाला, "मार्श हॅरियर येतोय. डाव्या बाजूला बघा." आणि खरंच, गवताच्या शेंड्यांवरून एक तपकिरी दलदली ससाणा पंख थोडे वर धरून, सावकाश, प्रत्येक झुडपात डोकावत आला. त्याने थव्यावरून दोन घिरट्या घातल्या. थवा तसाच घट्ट. एकटा सापडेल असा एकही वारकरी मिळेना, तसा तो पुढे निघून गेला. पाच मिनिटांत गोधडी परत उसवली आणि सगळे चरायला लागले.

ही पोस्ट मी त्या पाच मिनिटांसाठी लिहितेय. माझ्याजवळ दुर्बीण असती, पक्ष्यांचं पुस्तक असतं, फोनमध्ये ॲप असतं, तरी हे मला दिसलं नसतं. ससाणा कदाचित दिसला असता. पण तो येण्याआधी पाण्यावर जे घडलं ते माझ्यासमोर घडूनही हुकलं असतं. ते बघायला त्या पाण्यावर रोज उभं राहणारा माणूस लागतो.

तो माणूस तिथलाच लागतो, असंही माझं ठाम मत झालंय. परत येताना अण्णा आणि गाईड यांचं जे बोलणं चाललं होतं ते कुठल्याही माहितीफलकावर सापडणार नाही. गोदावरी आणि कादवा एकत्र येतात तिथे हा जुना दगडी बंधारा. त्याच्यामागे शंभराहून अधिक वर्षं गाळ साठत गेला, पाणी उथळ झालं, आणि त्या उथळ पाण्यामुळेच पक्षी यायला लागले. इथूनच गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन्ही कालवे निघतात. गाईड सांगत होता, आवर्तन सुटलं, म्हणजे शेतीसाठी कालव्यांत पाणी सोडलं, की पाण्याची पातळी उतरते, कडेचा गाळ उघडा पडतो, मग चिखलात चोच खुपसणाऱ्या पक्ष्यांची गर्दी होते. पाणी चढलं की तेच पक्षी दुसरीकडे जातात आणि बदकांना जागा मिळते. अण्णांचा अर्धा जन्म आवर्तन कधी सुटणार या चिंतेत गेलेला. ते म्हणाले, "म्हंजे यांचंबी आमच्यासारखंच पाटपाण्यावर चाललंय."

मग क्रौंचांचा, म्हणजे करकोच्यांचा, विषय निघाला. अण्णा सांगायला लागले, हिवाळ्यात हरभऱ्यात करकोचे उतरायचे आणि आम्ही पोरं डबे वाजवून त्यांना हाकलायचो. गाईड ऐकून घेऊन म्हणाला, "बाबा, त्यातले कांड्या करकोचे मंगोलियाकडून, हिमालय ओलांडून येतात." अण्णा चालता चालता थांबले. "एवढ्या लांबून? आणि आम्ही डबे वाजवत होतो." गाईडने त्यांना दोष दिला नाही. म्हणाला, "पीक तर राखावंच लागतं ना." शहरातून आलेल्या एखाद्या अभ्यासकाला हे वाक्य सुचलं असतं का, मला शंका आहे.

१९८६ साली हे अभयारण्य जाहीर झालं. २०२० मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा म्हणून. तिथे ५३६ प्रजातींची नोंद आहे. त्यात एक चिमुकला मासा आहे, त्याच्या इंग्रजी नावात आपली देवळाली आहे आणि तो नष्ट व्हायच्या अगदी काठावर आहे. एवढं सगळं नाशिकपासून तासाभराच्या अंतरावर. आणि आपण पाहुणे आले की त्यांना मिसळ खाऊ घालतो, पंचवटी दाखवतो, द्राक्षाच्या मळ्यात फोटो काढतो. ते सगळं करावंच, मला मिसळ आवडते. पण नांदूरला गेलो की गेटवर गाईडच्या पैशांवरून जी घासाघीस होते ती बघून त्या दिवशी जीव तुटला. आमच्या मागेच एक मोठा ग्रुप आला होता. "आम्हाला कळतं सगळं" म्हणून गाईड न घेता आत गेला, मनोऱ्यावर फोनवर गाणी लावली आणि समोरचा चित्रबलाकांचा सगळा थवा उठून पलीकडच्या काठाला गेला. सात वर्षांपूर्वी आम्ही गाणी लावली नव्हती, पण घाई तीच होती.

गाईडला आपण देतो ते पैसे आमच्या तिघांच्या बाहेरच्या जेवणापेक्षा जास्त नव्हते. त्या पैशांवर गावातला एक मुलगा गावात राहतो. गवत पेटलं, कुणी पाण्यात जाळं टाकलं, तर आधी त्याला कळतं. पक्षी टिकले तर त्याचं काम टिकतं. राखणीची याहून चांगली व्यवस्था मला तरी माहीत नाही.

शाळांनाही एक विनंती आहे. दोन बस भरून मुलं एकदम नेऊ नका. शंभर मुलांच्या रांगेत मागच्याला फक्त पुढच्याची बॅग दिसते. पंधरा-पंधराचे गट करा, वेगवेगळ्या शनिवारी न्या, पहाटे न्या. माझी लेक एरवी दहा मिनिटं एका जागी बसत नाही. त्या सकाळी ती तीन तास चालली, तेही फार तर दोन किलोमीटर, आणि एकदाही 'कंटाळा आला' म्हणाली नाही. फ्लेमिंगो दिसले नाहीत. ते विचारायचं तिच्या लक्षातही राहिलं नाही.

वनखात्याकडे एकच मागणी. वाटेवर थोड्याथोड्या अंतरावर बसायला साधे दगडी कट्टे हवेत. अण्णांसारखी माणसं मनाने तीन तास चालतात, गुडघे चालत नाहीत. त्या दिवशी गाईडने स्वतःचं जाकीट बांधावर अंथरून त्यांना बसवलं आणि स्कोपची उंची कमी करून त्यांच्या डोळ्यासमोर आणून दिला.

काल संध्याकाळी अण्णा गावाकडच्या कुणाशी तरी फोनवर बोलत होते. फोन ठेवून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "आवर्तन सुटलंय. दोन-चार दिवसात गाळ उघडा पडंल. रविवारी निघायचं का?" रविवारी पहाटे साडेपाचला निघतोय. गाडीत एक जागा रिकामी आहे.