गव्हावर गहू

गेली अठरा वर्षे मी हिंजवडीत प्रोग्रॅमिंग करतो आणि सोळा वर्षे, म्हणजे लग्न झाल्यापासून, दर रविवारी सदाशिव पेठेतल्या गिरणीत दळणाचा डबा घेऊन जातो. या दोन कामांचा एकमेकांशी काही संबंध असेल अशी शंका मला गेल्या महिन्यापर्यंत आली नव्हती.

ग्राहकांच्या तक्रारी आल्या त्या क्रमाने निकालात काढणारा एक प्रोग्रॅम मी पायथॉन या संगणकभाषेत लिहिला होता. तक्रारींची साधी लिस्ट करायची आणि पुढची तक्रार उचलत राहायचे, इतका तो सरळ होता. आमच्या गिरणीतले मामाही असेच करतात. पुढचा डबा चक्कीकडे नेला की मागचे सगळे डबे ते पायाने एकेक वीत पुढे ढकलतात, आणि डबे पंधराच असल्यामुळे त्यांच्या पायाची दमछाक होत नाही. माझ्या तक्रारी मात्र पाच लाखांवर गेल्या होत्या. लिस्टमधली पहिली नोंद काढली की उरलेल्या सगळ्या नोंदी संगणकाला एकेक घर पुढे सरकवाव्या लागतात. पाच लाखांची लिस्ट अशी पुढून रिकामी करायची, तर सरकवासरकवीचा हिशेब सुमारे 12,500 कोटींवर जातो.

"सर, डेक वापरा ना," आमच्या टीममधली चोवीस वर्षांची मुलगी म्हणाली. मी क्षणभर डेक्कनला जायचे आहे असे समजलो. तिने deque हे स्पेलिंग दाखवल्यावर लक्षात आले, की ज्या शब्दाला मी अठरा वर्षे भर मीटिंगमध्ये ठणकावून 'डीक्यू' म्हणत होतो, त्याचा उच्चार 'डेक' आहे, आणि 'डीक्यू' म्हणजे रांगेतून बाहेर काढणे, हा निराळाच शब्द आहे. इतक्या वर्षांत मला कोणी टोकले नाही, याला पुण्यात आश्चर्यच म्हणायला हवे.

डेक म्हणजे दोन्ही टोकांना दार असलेली रांग. कोणत्याही टोकाला नोंद ठेवा किंवा तिथली काढून घ्या, बाकीच्यांना हलावे लागत नाही. पायथॉनमध्ये ही सोय 2004 सालापासून आहे. आत 64 जागांचे कप्पे एकमेकांना जोडलेले असतात. पुढचा कप्पा रिकामा झाला की तो टाकून द्यायचा, एवढेच. रांगेच्या मधोमध हात घालायचा झाला तर मात्र कप्प्यामागून कप्पा ओलांडत जावे लागते. दोन ओळी बदलल्या आणि काम चुटकीसरशी होऊ लागले. मग मला हुरूप आला. दोन दारे आहेतच, तर बड्या ग्राहकांच्या तक्रारी पुढच्या दाराने घ्याव्यात, आणि रांग फार वाढू नये म्हणून तिला 1000 ची मर्यादा घालावी, असे मी ठरवले. आठवडाभरात प्रलंबित तक्रारी झपाट्याने कमी झाल्या आणि शुक्रवारी सर्वांसमक्ष माझे कौतुक झाले.

रविवारी पत्नीने नेहमीप्रमाणे बजावले, "अहो, गव्हावरच दळा म्हणावं, ज्वारीवर नको." गिरणीत डब्यांनी फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली होती. मामा पुढून डबे उचलत होते. दुसऱ्या चक्कीवरचा पोऱ्या हात रिकामा झाला की मागून उचलत होता, म्हणजे दोघांची धडक होत नव्हती. संगणकातले मोकळे बसलेले प्रोसेसरही दुसऱ्याच्या डेकमधले काम असेच मागच्या टोकाकडून पळवतात. माझा डबा बरोबर मध्ये होता आणि दोन्हींपैकी कोणतेही टोक त्याच्याजवळ येत नव्हते, कारण नवे डबेही दोन्हीकडून येत होते.

इतक्यात एक आजी आल्या. "मामा, नातवाची नाचणी आहे हो, पावशेरच!" असे म्हणत त्यांनी आपला डबा फळीच्या पुढच्या टोकाला दामटला. सगळे डबे खडखडत सरकले आणि मागच्या टोकाचा, कोणाचा तरी, निळ्या झाकणाचा डबा पायरीवर आपटून बाजरी थेट फुटपाथपर्यंत पसरली. आजींचे तिकडे लक्षही नव्हते.

माझ्या मात्र पायाखालची फळी सरकली. मर्यादा घातलेला डेक भरलेला असताना एका टोकाला नवी नोंद ठेवली, की दुसऱ्या टोकाची नोंद गुपचूप गळून पडते. पायथॉन त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. निदान डब्याचा आवाज तरी होतो. आठवडाभर एकेका बड्या ग्राहकामागे कोणीतरी साधा माणूस माझ्या फुटपाथवर सांडत होता, आणि त्याबद्दल मी टाळ्या घेतल्या होत्या.

मी बाहेर जाऊन त्या मुलीला फोन लावला. मर्यादा काढून टाकणे, गळलेल्या तक्रारी लॉगमधून, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीतून, शोधून पुन्हा रांगेत घालणे, हे सगळे तिला फुटपाथवर उभ्याउभ्या सांगण्यात पंचवीस मिनिटे गेली. परत आलो तेव्हा माझा डबा दळून तयार होता. पोऱ्याने कौतुकाने सांगितले, की मी घाईत दिसलो म्हणून त्याने तो मधूनच उचलला.

घरी पत्नीने झाकण उघडले, चिमूटभर पीठ बोटांत चोळून नाकाशी नेले आणि माझ्याकडे पाहिले.

"ज्वारीवर दळलंय."